चाकांवरचे घर : वेस्टफालियाची पेटी आणि आपली ट्रॉली

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्याच सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या तालुक्यांतल्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघू लागतात. एका ट्रॉलीत चार-पाच कुटुंबे, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, तवा-परात, बांबू, ताडपत्री, एखादी बाज, दोन शेळ्या आणि सामानावर बसलेली पोरे. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या हद्दीत ही मंडळी पुढचे पाच-सहा महिने काढणार असतात. घर चाकांवर घालून निघणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

तरीही 'चाकांवरचे घर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ही ट्रॉली येत नाही. येते ती छत वर उचललेली, खिडकीला पडदे असलेली, समुद्रकाठी उभी असलेली जर्मन गाडी. असे का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी त्या गाडीचा इतिहास पाहावा लागेल. तो जसा सांगितला जातो तसाच मान्य करता येईल का, हेही तपासावे लागेल.

लोहारशाळेतून निघालेली कंपनी

जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतात वीडेनब्रुक नावाचे गाव आहे. योहान बर्नहार्ड क्नोबेल याने १८४४ साली तिथे लोहारशाळा काढली. पुढे घोडागाड्या आणि बग्ग्या, मोटारी आल्यावर मोटारींना जोडायच्या मागच्या गाड्या, म्हणजे ट्रेलर, असा या घराण्याचा प्रवास झाला. प्रांताचे नाव हेच कंपनीचे नाव झाले.

१९३०च्या दशकात या कंपनीने गोल डोक्याची जोडणी काढली. मोटारीच्या मागे लोखंडी गोळा, ट्रेलरच्या दांड्याला त्यावर घट्ट बसणारी वाटी. गोळा वाटीत सर्व बाजूंना फिरतो, म्हणून वळणावर आणि चढ-उतारावर ट्रेलर ताणला जात नाही. मधे मोकळी जागा उरत नाही, म्हणून हिसकाही बसत नाही. आजही जगभरच्या मोटारींमागे हीच पद्धत दिसते. वेस्टफालियाचे नाव घरगाड्यांमुळे गाजले असले, तरी माझ्या मते तिचे सर्वांत मोठे काम हा गोळा आहे. त्याचे छायाचित्र मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

जर्मनीतल्या घरगाड्यांची सुरुवात बहुधा एका प्रेमकथेने सांगितली जाते. इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्सच्या घरी चाबूक आणि बर्फावरून घसरण्याच्या काठ्या बनत. धंद्यापायी त्याला सतत फिरावे लागे. त्याची वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. तिला त्याच्याबरोबर जायचे होते आणि वाटेत चित्रेही काढायची होती. म्हणून त्याने १९३१ साली मोटारीमागे जोडायचे छोटे घर बांधले. गोष्ट सुरेख आहे आणि खरीही आहे. पण ती मुळात फिरत्या विक्रेत्याच्या अडचणीची गोष्ट आहे, हे सांगणारे विसरतात. घर चाकांवर आले ते कामासाठी. सुट्टी त्याला नंतर चिकटली.

वेस्टफालियाचेही तसेच झाले. फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर १९५० साली बाजारात आली ती माल वाहायला. दुसऱ्याच वर्षी वेस्टफालियाने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' तयार केला. दोस्त राष्ट्रांच्या सैन्यातल्या कोणा अधिकाऱ्याला गाडीतच राहायची आणि कामाची सोय हवी होती, त्यातून हे सुचले असे सांगतात. हा बॉक्स म्हणजे गाडी नव्हती. ती लाकडी सामानाची पेटी होती. आत ठेवली की बसायला बाक, झोपायला पलंग, स्वयंपाकाला कोपरा. बाहेर काढली की गाडी पुन्हा माल वाहायला मोकळी. सहा दिवस धंदा करणाऱ्या सुताराला, पाववाल्याला सातव्या दिवशी त्याच गाडीतून पोरेबाळे घेऊन जाता येत होते.

पुढे पेटी गाडीत कायमची बसली, छत वर उचलायची सोय आली, पाण्याची टाकी आली. १९७१ साली एक लाखावी घरगाडी कारखान्यातून बाहेर पडली. याच काळात युरोपातली तरुण मंडळी अशा गाड्या घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या मार्गाने भारतात येत आणि गोव्याच्या हणजुण्याला मुक्काम टाकत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. आपल्या मनात बसलेले चित्र त्या दहा-पंधरा वर्षांचे आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. गाडी आपल्याला दिसली तेव्हा तिच्यातली काढता येणारी पेटी नाहीशी झाली होती. कामाची आणि राहण्याची गाडी एकच, ही मूळ कल्पना आपल्यापर्यंत आलीच नाही.

हॅम्बुर्गचा टेम्पो

दुसरी एक जर्मन गाडी मात्र आपल्यापर्यंत आली आणि इतकी मुरली की तिचे परकेपण कोणाच्या लक्षातही नाही. 'टेम्पो' हा शब्द आज कोणत्याही खेड्यात विचारा; तो मराठीच वाटेल. मुळात ते हॅम्बुर्गच्या 'विडाल आणि पुत्र' या कंपनीच्या गाड्यांचे नाव. ऑस्कर विडालने १९२०च्या दशकात हा कारखाना काढला आणि तीन चाकांच्या स्वस्त मालगाड्यांवर नाव कमावले. याच कारखान्याने १९३०च्या दशकात पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने असलेली, चारही चाकांना जोर देणारी लष्करी उपयोगाची गाडीही बनवली होती. कंपन्यांच्या गौरवग्रंथांत असली पाने भरभर उलटली जातात.

अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी विडालशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पोची उभारणी केली. सुरुवात मुंबईत गोरेगावला, मग १९६०च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला. तीनचाकी हान्सिआटचे उत्पादन जर्मनीत १९५६ साली थांबले होते. आपल्याकडे ती पुढे कित्येक दशके बनत आणि धावत राहिली. १९६९पासून मेटॅडोर आली. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण 'टेम्पो' हा शब्द लोकांनी सोडला नाही. आता तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो.

मेटॅडोरने इकडे काय काय वाहिले? वऱ्हाड, भाजी, आजारी माणसे, भजनी मंडळ, बदलीवर निघालेल्या मास्तरांचा संसार. संत जनाबाईंचे जन्मगाव असलेल्या गंगाखेडच्या परिसरातून आषाढीला दिंड्या निघतात तेव्हा त्यांच्याबरोबरच्या टेम्पोत आणि ट्रकमध्ये राहुट्या, शेगड्या, हंडे, धान्य असते. मुक्कामावर मागचे फळके पाडले की तोच स्वयंपाकाचा ओटा होतो. त्याला कोणी 'कॅरॅव्हॅन' म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही.

एक सांगाडा, दोन चरित्रे

या दोन कहाण्या एका जागी भेटतात. विडालची कंपनी हानोमागने आणि पुढे हानोमाग-हेन्शेल डाइम्लर-बेंझने ताब्यात घेतली. १९७७ साली मर्सिडीझने ब्रेमेनच्या कारखान्यातून नवी व्हॅन काढली. तिच्यावर वेस्टफालियाने 'जेम्स कुक' नावाची घरगाडी बांधली. उभे राहता येईल असे उंच छत, आत न्हाणीघर, स्वयंपाकघर. त्याच व्हॅनच्या आराखड्यावर, परवान्याने, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर आली. ती पीथमपूरला बनू लागली.

म्हणजे सांगाडा एकच. तिकडे त्यात चार माणसे झोपली. इकडे बारा-पंधरा माणसे बसली आणि शिर्डी, तुळजापूर, अक्कलकोट करून आली. तिकडे गाडीची किंमत ती कुठे थांबते यावर ठरली, इकडे ती किती फेऱ्या मारते यावर. यात एक चांगले आणि दुसरे वाईट असे मी म्हणत नाही. गाडी जिथे जाते तिथल्या गरजेप्रमाणे तिचे चरित्र लिहिले जाते, एवढेच म्हणतो.

इतिहासाने पुढे आणखी एक वळण घेतले. वेस्टफालियाचा घरगाड्यांचा व्यवसाय १९९९ ते २००१ या काळात डाइम्लर-क्रायस्लरकडे गेला. फोक्सवॅगनने आपल्या घरगाड्या स्वतःच्याच कारखान्यात बनवायला घेतल्या. अर्ध्या शतकाची सोयरीक तुटली आणि २०१० साली घरगाड्या बनवणाऱ्या वेस्टफालियावर दिवाळखोरीची वेळ आली. पुढे ती फ्रेंच मालकीखाली गेली. इकडे आपल्या ट्रॅव्हलरला मात्र उतारवयात नवा जन्म मिळतो आहे. भारतात आज ज्या घरगाड्या बांधल्या जातात, त्यांतल्या पुष्कळ तिच्याच सांगाड्यावर असतात.

धोरणाचे घर कोणासाठी?

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्यांची नोंदणी, त्या उभ्या करायला कॅरॅव्हॅन पार्क, तिथे पाणी, वीज, शौचालय, सांडपाण्याची सोय, आणि हे करणाऱ्यांना सवलती असा त्याचा आशय आहे. धोरण वाईट नाही. जिथे हॉटेल बांधणे परवडत नाही किंवा बांधू नये, अशा ठिकाणी पर्यटक राहू शकतील हा विचार योग्यच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. फिरत्या घराला थांबायला जागा लागते आणि त्या जागेवर पाणी, उजेड, आडोसा लागतो, ही गोष्ट शासनाला २०२१ साली नव्याने कळलेली नाही. पालखीच्या मुक्कामांवर टँकर आणि फिरती शौचालये उभी करताना ती दरवर्षी अमलात येते. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रणा आहे. वारकऱ्यांसाठी ती चालते, पर्यटकांसाठी तिचे धोरण होते. मग दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या कारखान्यांकडे, मुकादमाच्या वहीत नावानिशी नोंद होऊन जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांजवळ ती का नसावी? ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, साखरशाळांचे प्रयोग झाले आहेत. पण कोपीजवळ नळ आहे की नाही, संडास आहे की बाईला अंधाराची वाट पाहावी लागते, हे आजही त्या त्या कारखान्यावर अवलंबून असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात पोहोचला आणि चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची कारणे अनेक आहेत. पण महिनोन्महिने पाण्याविना, आडोशाविना राहणे हे त्यातून वगळता येणार नाही.

यावर एक हरकत घेतली जाईल, आणि ती रास्त आहे : सुट्टीची गाडी आणि पोटासाठीची ट्रॉली यांची तुलना कशी करता? एक हौस, दुसरी मजबुरी. मान्य. उचल घेऊन निघालेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आपण 'कॅम्पिंग'ला चाललो असे वाटत नाही, आणि तसे रंगवणारा लेखक निर्दय म्हणावा लागेल. पण म्हणूनच वेस्टफालियाचा मूळ इतिहास महत्त्वाचा ठरतो. १९५१ सालच्या पेटीने सोडवलेला प्रश्न हौसेचा नव्हता. कामाच्या गाडीत घर कसे मावेल आणि काम सुरू झाले की ते घर गाडीबाहेर कसे काढता येईल, हा तो प्रश्न होता. नेमका हाच प्रश्न ऊसतोडीच्या ट्रॉलीचा आहे. येताना ती घर घेऊन येते. दुसऱ्या दिवशी तिला ऊस वाहायचा असतो. म्हणून संसार खाली उतरतो आणि बांबू-ताडपत्रीच्या कोपीत शिरतो. सत्तर वर्षांपूर्वी सुताराच्या व्हॅनसाठी जी घडीची पेटी निघाली, तशी ट्रॉलीतून उतरवून उभी करता येणारी, कोरड्या जमिनीची, दाराला कडी असलेली खोली आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि कारखान्यांना अवघड नाही. आजवर कोणी ती मागितली नाही, कारण ट्रॉलीला आपण घर म्हणूनच पाहिले नाही.

तीच गोष्ट जोडणीची. आपल्या ट्रॉल्या अजून भोकात घातलेल्या पिनेवर ओढल्या जातात. पीन सैल असते, म्हणून ट्रॅक्टर निघताना आणि थांबताना हिसका बसतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. वर बसलेल्या पोरांना तो हिसका प्रत्येक गतिरोधकावर कळतो. एका लोहाराच्या कारखान्याने ज्या हिसक्यावर १९३०च्या दशकात उपाय काढला, तो आपल्याकडे माणसांनी भरलेल्या ट्रॉलीत आजही रोजचाच आहे.

घरगाड्यांचा इतिहास सुट्टीपासून सुरू केला की शेवटी कॅरॅव्हॅन पार्क मिळते. तो लोहारशाळेपासून, फिरत्या विक्रेत्यापासून, सुताराच्या व्हॅनपासून सुरू केला की त्यात सोनपेठ-पालमच्या माणसांनाही जागा होते. धोरणातली पाणी, वीज, शौचालय, सांडपाणी ही यादी तशीच्या तशी उचलावी आणि तिच्यावर 'ऊसतोड मुक्काम' एवढे दोन शब्द लिहावेत. नवे काही शोधायची गरज नाही.

हा अंक वाचून होईपर्यंत यंदाच्या ट्रॉल्या मुक्कामाला पोहोचलेल्या असतील. परतायला चैत्र उजाडेल.