सत्ताकांक्षा आणि हिंसा : ‘भाऊबंदकी’ ते ‘घाशीराम कोतवाल’

प्रस्तावना :

राजसत्ता आणि हिंसा यांचे नाते मराठी नाटककारांना सुरुवातीपासून आकर्षित करीत आले आहे. सत्ता मिळविण्यासाठी होणारी हिंसा, सत्ता टिकविण्यासाठी होणारी हिंसा आणि जुलमी सत्तेविरुद्ध उगारलेला हात अशी तिची तीन रूपे मराठी रंगभूमीवर ठळकपणे दिसतात. तिसऱ्या रूपाचे उदाहरण म्हणून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाचा निर्देश नेहमी केला जातो. कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झनची राजवट प्रेक्षकांना दिसली आणि १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. प्रस्तुत लेखात पहिल्या दोन रूपांचा विचार खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) आणि विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकांच्या आधारे केला आहे. दोन्ही नाटकांना पेशवाईची पार्श्वभूमी आहे. मात्र हिंसेच्या जबाबदारीविषयीची त्यांची भूमिका परस्परांहून भिन्न आहे.

‘भाऊबंदकी’ : व्यक्तीचा अपराध आणि न्याय

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका या घटनेमुळेच मराठी बोलीत रुळली. खाडिलकरांच्या नाटकात सत्तेची हाव घराच्या उंबरठ्याच्या आत जन्म घेते. राघोबादादांची दुर्बलता आणि आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा यांतून हिंसा घडते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’शी या नाटकाचे असलेले नाते अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदविले आहे. हिंसा करणाराच आतून पोखरला जातो, हे या नात्याचे मर्म होय.

खाडिलकरांच्या नाट्यविश्वात हिंसेला कर्ता आहे आणि त्या कर्त्याला जाब विचारणारा रामशास्त्रीही आहे. प्रत्यक्ष पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश रंगमंचावर उभा राहतो, तेव्हा सत्तेपेक्षा न्याय मोठा आहे ही श्रद्धा प्रेक्षकांच्या मनात दृढ होते. पारतंत्र्याच्या काळात या श्रद्धेचे मोल मोठे होते. तथापि, दोष दोन-तीन व्यक्तींवर केंद्रित झाल्यामुळे ज्या व्यवस्थेत असा खून शक्य झाला, ती व्यवस्था बव्हंशी चौकशीबाहेर राहते.

‘घाशीराम कोतवाल’ : हिंसेची वाटणी

नारायणरावांच्या खुनानंतर राघोबांना दूर सारणाऱ्या बारभाईंपैकी एक प्रमुख कारभारी म्हणजे नाना फडणवीस. एका खुनाच्या प्रतिकारातून बळकट झालेल्या या कारभाऱ्याच्या राज्यात अठरा वर्षांनी, म्हणजे १७९१ मध्ये, पुण्याच्या कोतवालाने कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि संतप्त जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्ट केले होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद उसळला तो मुख्यतः नानांच्या चित्रणावरून. नाटकाचा खरा विषय मात्र कोतवाल तयार करण्याची रीत हा आहे.

परगावाहून आलेल्या घाशीरामावर पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो. अपमानित होऊन तो सूडाची प्रतिज्ञा करतो आणि स्वतःच्या मुलीच्या बदल्यात नानांकडून कोतवाली मिळवितो. या सौद्यात नानांचा हिशेब अधिक पक्का आहे. अत्याचार घाशीरामाच्या नावावर जमा होतील आणि त्यांच्या आडोशाला स्वतःची सत्ता सुरक्षित राहील, हे त्यांनी आधीच ताडले आहे. येथे हिंसेची वाटणी होते. आज्ञा एकाची, हात दुसऱ्याचा आणि मूकसंमती समाजाची. घाशीराम या वाटणीतील सर्वांत दृश्य आणि म्हणूनच सर्वांत सहज टाकून देता येणारा घटक ठरतो.

जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनातील ब्राह्मणांची मानवी भिंत हा याच आशयाचा दृश्य आविष्कार होय. ही भिंत गाते, नाचते, आड येते आणि बाजूला होते. जे घडते ते तिच्यासमोर घडते, तरी ती भिंतच राहते. शेवटी तीच रक्त मागते. दोषाला कर्ता हवा म्हणून घाशीरामाचा बळी जातो आणि सत्ता नामानिराळी राहते. या नाटकात रामशास्त्र्याची जागा रिकामी आहे.

स्त्री : प्रेरणा की मोल?

आनंदीबाई ही हिंसेची प्रेरक शक्ती, तर घाशीरामाची मुलगी गौरी ही सौद्यातील वस्तू. एकीच्या वाट्याला सारा दोष येतो, दुसरीच्या वाट्याला शब्दही फारसे येत नाहीत. गौरीचे हे मौन तिच्यावरील अन्यायाचे चित्रण आहे, असे समर्थन करता येते. परंतु तिचा मृत्यूही मुख्यतः बापाच्या विलापासाठी वापरला जातो, ही या नाटकाची मर्यादा होय.

इतिहासाचा पुढचा अंक : नगरचा किल्ला

‘घाशीराम कोतवाल’च्या शेवटी नाना सुखरूप राहतात. यावरून तेंडुलकरांना सत्ताधीश सदैव निसटतो असे सुचवायचे आहे, असा आक्षेप घेता येतो. इतिहासाचा पुढचा अंक या आक्षेपाच्या तपासणीस उपयुक्त आहे आणि तो अहमदनगरशी (आजचे अहिल्यानगर) निगडित आहे. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या युरोपीय अधिकाऱ्याने सुरक्षिततेचे वचन देऊनही नानांना पकडले. त्यांना नगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. ज्या गावाने १६०० मध्ये चांदबिबीची स्वकीयांकडून झालेली हत्या पाहिली, त्याच गावाने पेशवाईच्या सर्वांत चाणाक्ष कारभाऱ्याला बंदिवान झालेले पाहिले.

नाना कैदेत असताना पुण्यात सर्जेराव घाटगे यांचा अंमल सुरू झाला. १७९८ मध्ये त्यांची कन्या बायजाबाई दौलतरावांना दिली गेली, घाटग्यांना कारभार मिळाला आणि पुण्यातील धनिकांकडून पैसा उकळण्यासाठी छळाचे सत्र चालले. दिलेली मुलगी, मिळालेले पद आणि शहरावर सुटलेला अत्याचार हा क्रम नाटकातील क्रमाशी विलक्षण जुळतो. हा विवाह विधियुक्त होता आणि वर कारभारी नसून सरदार होता, हे भेद ध्यानात घेतले तरी साम्य उरतेच. म्हणजे नाना गेले, तरी रीत राहिली. नाटकाचा शेवट इतिहासाच्या तपशिलाशी जुळत नसला, तरी सत्तेच्या स्वभावाशी तो जुळतो. त्याच इतिहासात बायजाबाईंनी १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. मोल म्हणून दिली गेलेली स्त्री राज्यकर्ती होऊ शकते, ही शक्यता तेंडुलकरांच्या नाटकात नाही.

निष्कर्ष :

१. ‘भाऊबंदकी’त हिंसा हा व्यक्तीचा अपराध आहे, तर ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ती राज्य चालविण्याची रीत आहे.

२. खाडिलकरांचा भरवसा न्यायाधीशावर आहे. तेंडुलकर त्या जागी प्रेक्षकाला उभे करतात.

३. दोन्ही नाटकांत स्त्रीला स्वतंत्र राजकीय व्यक्तिमत्त्व पुरेसे लाभलेले नाही.

४. कोतवालाला शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला, असे समाज मानतो तेव्हा पुढील कोतवालाची नेमणूक सुकर होते. ‘घाशीराम कोतवाल’चे महत्त्व याच जाणिवेत आहे. आपण त्या भिंतीत उभे आहोत काय, हा प्रश्न हे नाटक प्रेक्षकावर सोपवते.