हार नको, परीक्षण लिहा

आपल्यात पुस्तक निघालं की पुढचं सगळं ठरलेलं. हॉल, शाल, पुष्पगुच्छ, पाच वक्ते. पाचांतल्या चौघांनी पुस्तक वरवर चाळलेलं, पाचव्यानं तेवढंही नाही. मग कुठल्या तरी अंकात दीड पान परीक्षण येतं. दाहक अनुभव, अस्सल वेदना, काळजाला हात घालणारी भाषा, विद्रोहाचा पलिता. लेखकाचं नाव खोडून तिथं दुसऱ्याचं घाला, काही बिघडत नाही. दोस्तांनो, याला मी परीक्षण म्हणत नाही. हा हार आहे.

पांढरपेशा समीक्षकाची तऱ्हा निराळी. अनुभव खरा म्हणून तो पाठ थोपटतो, आणि कलेचा विषय निघाला की खिशातनं स्वतःची पट्टी काढतो. त्याच्यावर आपण पन्नास वर्षं लिहितोय. आज घरातलं बोलू या.

बाबासाहेबांनी पुस्तकाचं परीक्षण लिहिलंय, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९१८ साली, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये, बर्ट्रांड रसेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’वर. महाराष्ट्र शासनानं १९७९ साली काढलेल्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात ते आहे. खंड बहुतेक कार्यालयांत असतो, कपाटात. आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, बडोद्याच्या पारशी उतारगृहातून त्यांना लाठ्या दाखवून हाकललं होतं. लंडनहून धाडलेली पुस्तकं महायुद्धात जहाजाबरोबर बुडाली होती. अशा वेळी हा माणूस रसेल वाचतो आणि त्याच्याशी वाद घालतो.

रसेल उमरावाच्या घरातला, केंब्रिजचा. युद्धाला विरोध केला म्हणून त्याच १९१८ साली तुरुंगात गेलेला. म्हणजे तसा आपल्या बाजूचाच. बाबासाहेब त्याला मान देतात. आधी त्याचं म्हणणं नीट मांडतात. युद्ध नको म्हणजे हातपाय गाळून बसा, असा अर्थ कुणी काढील तर तो खोडून काढतात. मग मालमत्तेच्या मुद्द्यावर येतात आणि तिथं रसेलला अडवतात. पैशाच्या लोभानं माणूस खुरटतो, असं रसेलचं म्हणणं. बाबासाहेब म्हणतात, पैसा कशासाठी हवाय ते पाहिल्याशिवाय सगळ्यांना एकच निकाल कसा लावणार? जुन्या जगात गरिबीचे गोडवे गायले गेले, कारण तेव्हा माणसाच्या श्रमातून निघतच थोडं होतं. दुखणं मालमत्तेत नाही, तिच्या विषम वाटपात आहे. आणि हे पुस्तक हिंदुस्थानात कुणाच्या हाती पडेल, याचीही त्यांना काळजी आहे. अल्पसंतुष्ट राहा, असं शिकवणारे इथं हजारो वर्षं बसलेत, त्यांना रसेल आयताच सापडायचा. केंब्रिजात निरुपद्रवी असलेलं वाक्य आपल्या वस्तीत येऊन काय करील, ही तपासणी मला त्या परीक्षणात सगळ्यात मोलाची वाटते.

आता आपल्या पुस्तकांकडे या. एकच घेतो. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. फलटणची ही बाई दुकान चालवायची. माल बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचायची. लिहिलेलं नवऱ्यापासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं तिनं. (मोर्चातनं वाचायला सवड मिळत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

या पुस्तकावर बोलताना आपण काय सांगतो? महारवाड्याचं दारिद्र्य, येसकरकी, मेलेलं ढोर, देवदेवस्की, आणि मग बाबासाहेब आल्यावर पालटलेला समाज. बरोबर आहे, हे सगळं पुस्तकात आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या सुना, सासूचा जाच, नवऱ्याचा मार, पळून जाऊ नये म्हणून पायात अडकवलेला लाकडी खोडा, हेही त्याच पुस्तकात आहे. आणि हा खोडा पाटलानं घातलेला नाही. तो आपल्याच आज्या-पणज्यांच्या पायात आपल्याच माणसांनी घातला. शिकून साहेब झालेल्या आणि समाजाला विसरलेल्यांनाही बेबीताई सोडत नाहीत. म्हणजे पुस्तक तीन बाजूंना चावतं. आपलं परीक्षण त्यातली एक बाजू दाखवतं आणि दोन झाकतं. का? घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत म्हणून? १९७८ साली ‘बलुतं’ आलं तेव्हाही आपल्यातल्याच काही शिकल्यासवरल्यांनी नाकं मुरडली होती. ते नाक अजून तिथंच आहे, फक्त आता ते ‘अस्सल वेदना’ असं म्हणून पान उलटतं.

कुणी म्हणेल, बाहेर शत्रू उभा असताना आपल्याच लेखकाला कशाला टोचायचं? दुबळ्या कवितेला विद्रोही म्हटलं की शत्रूला फार सोपं होतं बघा. तो तीच कविता उचलतो आणि म्हणतो, ही तुमची कविता. आणि लेखकाचं नुकसान वेगळंच. पहिल्याच संग्रहाला महाकवी म्हटलेला पोरगा दुसऱ्यात तेच लिहितो, तिसऱ्यात थांबतो. त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं की बाबा, या चाळीस कवितांतल्या सहा तुझ्या आहेत, बाकीच्या ढसाळांच्या सावलीत उगवल्यात. त्या सहा कुठल्या, हे पानासकट दाखवायला हवं होतं. तेवढं करायचं तर पुस्तक दोनदा वाचावं लागतं.

‘जिणं आमुचं’वर पुन्हा लिहिलं गेलं पाहिजे. मला ते आपल्या एखाद्या कार्यकर्त्या पोरानं लिहिलेलं वाचायचंय. त्यानं खोड्याच्या त्या पानापासून सुरुवात करावी, आणि लिहायच्या आधी ते पान घरात आईला मोठ्यानं वाचून दाखवावं.