‘एपिऊसिओस’: रोजची की उद्याची?

ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीला जोडलेले ‘एपिऊसिओस’ हे ग्रीक विशेषण मराठीत ‘रोजची’ या शब्दाने उतरले आणि तसेच रूढ झाले. मूळ शब्द मात्र इतका सोपा नाही. मत्तय व लूक यांनी दिलेली ही प्रार्थना सोडली, तर त्याचा निश्चित असा स्वतंत्र प्रयोग प्राचीन ग्रीकात आढळत नाही. तो विद्वानांच्या वापरात नाही आणि लोकांच्या तोंडीही नाही, असे तिसऱ्या शतकात ओरिगेनने लिहून ठेवले. १८८९ साली छापलेल्या, ईजिप्तमधील एका पपायरसावरील खर्चाच्या यादीत तो असल्याचे पुढे मानले गेले खरे. पण हरवलेला तो पपायरस येल विद्यापीठात सापडल्यावर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरवाचनात तेथे ‘तेलाचे’ असा शब्द निघाला. भाकरी शोधता शोधता तेल हाती लागले!

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिनमध्ये मत्तयाच्या ठिकाणी ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाचा शब्द योजिला आणि लुकाच्या ठिकाणी ‘दैनिक’ हाच ठेवला. एकाच शब्दाची ही दोन भाषांतरे त्याची अडचण पुरेशी सांगतात. ‘द्रव्यातीत’ हा अर्थ ‘एपि’ व ‘ऊसिया’ (सत्ता, द्रव्य) अशा विग्रहावर उभा आहे. परंतु स्वरापुढे ‘एपि’मधील ‘इ’चा सामान्यतः लोप होतो, तेव्हा रूप ‘एपूसिओस’ व्हावयास हवे होते. अपवाद आहेत, पण त्यांवर अर्थाची इमारत उभारणे धाडसाचे. याउलट, संस्कृत ‘इ’ धातूचा सगोत्र असा ग्रीक गत्यर्थक धातू घेतला, तर ‘एपि’चा स्वर नियमानुसार लोपतो आणि उरतो तो ‘इ’ धातूचाच. ‘एपिऊसा’ म्हणजे येणारा दिवस. प्रेषितांच्या कृत्यांत ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थी हा शब्द सरळ आला आहे.

शिवाय लुकाने त्याच वाक्यात ‘दररोज’ असा निराळा शब्दप्रयोग केला आहे. ‘एपिऊसिओस’चाही अर्थ ‘रोजची’ घेतल्यास निव्वळ पुनरुक्ती होते. एका हिब्रू शुभवर्तमानात या जागी ‘माहार’, म्हणजे ‘उद्या’, असल्याची जेरोमची नोंदही याच बाजूची आहे.

उद्याची चिंता करू नका, असे सांगणाराच उद्याची भाकर कशी मागावयास लावील, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि मत्तयाच्याच एका दृष्टान्तात मजुराला संध्याकाळी रोजचा रोज मजुरी मिळते. त्याच्या घरी उद्याचे पीठ आजच यावे लागते. ते मागणे चिंतेचे नव्हे, गरजेचे आहे. प्रार्थनेत रुळलेला शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही; परंतु हा उतारा शिकविताना ‘रोजची’ हा अनेक पक्षांपैकी एक, आणि आमच्या मते दुबळा, पक्ष आहे, एवढे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.