हँडल कोण फिरवणार?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचं एक गाव आहे. तिथे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने १९०७ साली कपडे धुण्याचं यंत्र बाजारात आणलं. कारण अगदी व्यवहारी होतं. मळणीच्या यंत्राचे भाग हंगामापुरतेच खपायचे. मग उरलेलं वर्षभर कारखान्याने करायचं काय? हीच कंपनी पुढे ‘मेटॅग’ म्हणून अमेरिकेत घरोघरी पोचली. त्या पहिल्या यंत्राचं नाव होतं ‘पास्टाइम’. म्हणजे विरंगुळा.

हा विरंगुळा कसा होता? लाकडी पिंप, त्याच्या आतल्या बाजूला नागमोडी खाचा, आत खाली लोंबणाऱ्या लाकडी खुंट्या आणि बाहेर एक हँडल. हँडल फिरवलं की खुंट्या कपड्यांना पाण्यातून ओढायच्या आणि कपडे खाचांवर घासले जायचे. पाणी बाहेरून तापवून आणायचं, बादलीने ओतायचं, काम झालं की उपसायचं. ज्याने हे नाव ठेवलं त्याला स्वतः हँडल फिरवायचं नव्हतं, एवढं नक्की.

पुस्तकाचं परीक्षण करतो तसं यंत्राचंही करता येतं, असं मला वाटतं. लेखकाने कोणता वाचक गृहीत धरलाय हे आपण बघतोच. तसंच यंत्र बनवणाऱ्याने कोणता माणूस गृहीत धरलाय आणि कोणाला चित्रातून वगळलंय, हेही बघता येतं. हाताने फिरवायची धुण्याची यंत्रं यासाठी उत्तम, कारण त्यात लपवायला जागाच नाही. मोटर नाही, सर्किट नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच. सगळी रचना उघड्यावर.

या यंत्रांची दोन घराणी आहेत. पहिलं पिंजऱ्याचं. लंडनच्या हेन्री सिडजियरने १७८२ साली पेटंट घेतलं, त्यात लाकडी दांड्यांचा एक पिंजरा होता. कपडे पिंजऱ्यात, पिंजरा पाण्यात, आणि फिरवायला हँडल. आज आपल्या फ्रंट लोड मशीनमध्ये जो ड्रम फिरतो, त्याचा हा पूर्वज. दुसरं घराणं खुंट्यांचं. इंडियाना राज्यातल्या ब्लफ्टन गावच्या विल्यम ब्लॅकस्टोनने १८७४ साली बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून असं यंत्र बनवलं, अशी गोष्ट सांगतात. पिंपात एक लाकडी तबकडी, तिला सहा खुंट्या. हँडल आणि गिअरच्या जोरावर तबकडी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरायची. एकाच दिशेने फिरवली तर कपड्यांचा दोरखंड होतो, म्हणून ही मागे-पुढे हालचाल. ‘पास्टाइम’ याच घराण्यातलं.

ब्लॅकस्टोनच्या यंत्रात कल्पकता आहे, पण तिची मर्यादाही लगेच दिसते. खुंट्या म्हणजे हाताची बोटं आणि खाचा म्हणजे घासायची फळी. हात जे करतो तेच लाकडाकडून करून घ्यायचं. नवं माध्यम आलं की आपण आधी जुन्याची नक्कल करतो. फोनमधल्या पहिल्या वहीच्या ॲपला कातडी बांधणीचं चित्र होतं आणि कागदाच्या रेघाही होत्या, तसंच हे. बोटांची नक्कल केली की बोटांचे दोषही येतात. कपडा खुंटीत अडकतो, ताणला जातो, बटण तुटतं. नक्कल सोडायला मेटॅगलाही १९२२ साल उजाडलं. तेव्हा त्यांनी फिरणारा भाग वरून काढून पिंपाच्या तळाशी बसवला आणि कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांमधून ढकललं. हाताकडे बघणं थांबवून पाण्याकडे बघितल्यावर हे सुचलं.

तरीही खुंट्यांच्या यंत्राला कमी लेखू नये. घासायच्या फळीवर काम करणाऱ्या बाईचे हात तासन्‌तास गरम पाण्यात आणि जळजळीत साबणात असायचे. पाठ वाकलेली असायची. हँडलमुळे हात पाण्याबाहेर आले आणि कंबर सरळ झाली. पिंपावर झाकण आल्यामुळे हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी वापरता आलं. अडीच डॉलरला विकल्या गेलेल्या वस्तूकडून हे मिळणं थोडं नव्हे.

पण धुणं म्हणजे काही नुसतं घासणं नाही. मराठीत या कामाची क्रियापदंच मोजा. भिजवणं, चुबकणं, घासणं, धोपटणं, खंगाळणं, पिळणं, झटकणं, वाळत घालणं, घड्या घालणं. शिवाय नीळ, खळ आणि इस्त्री. त्यातलं एक क्रियापद, फार तर दोन, यंत्राने उचलली. बाकी सगळी जिथल्या तिथे.

आमच्या धंद्यात याला नियम आहे. जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जातो. एखाद्या कामाचा एकच भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी एकूण फायदा उरलेल्या भागांनी बांधलेला असतो. समजा, धुण्याच्या दिवसाचे दहा तास आहेत आणि त्यात घासण्याचे तीन. घासणं क्षणात होणारं जादूचं यंत्र आणलं तरी सात तास उरतातच. हँडलचं यंत्र जादूचं नव्हतं, त्यामुळे वाचायचे त्याहून कमीच.

सर्वांत मोठा उरलेला भाग होता पाणी. इतिहासकार सुसन स्ट्रॅसर यांनी ‘नेव्हर डन’ या पुस्तकात हिशेब दिलाय. एकदा धुणं, एकदा उकळणं आणि एकदा खंगाळणं, एवढ्याला साधारण ५० गॅलन पाणी लागायचं. म्हणजे सुमारे १९० लिटर, तितकेच किलो. ते विहिरीवरून किंवा हापशावरून आणायचं, चुलीवर चढवायचं, उतरवायचं आणि शेवटी ओतून द्यायचं. यंत्राच्या जाहिरातीत हँडल असतं, बादली नसते. माझ्या मते या यंत्राचं सर्वांत प्रामाणिक परीक्षण त्या बादलीच्या बाजूने लिहायला हवं.

आता पुन्हा नावाकडे. १९०९ मध्ये मेटॅगने पुढचं यंत्र आणलं. त्याला पट्ट्यासाठी चाक होतं, त्यामुळे ते बाहेरच्या इंजिनावर चालवता यायचं. त्याचं नाव ‘हायर्ड गर्ल’. अमेरिकेच्या त्या भागात शेतकऱ्यांच्या घरी पगारावर कामाला येणाऱ्या मुलीला म्हणायचा तो शब्द. ही दोन नावं शेजारी ठेवली की गंमत कळते. जिथे हँडल बाई फिरवते, तिथे तिच्या कष्टाचं नाव विरंगुळा. जिथे इंजिन फिरवतं, तिथे यंत्राला मुलीचं नाव. कष्ट करणारी बाई ‘कामकरी’ म्हणून कुठे दिसते? जिथे ती मुळात नाही तिथेच.

आपण हसायचं कारण नाही. मराठीत आपण ‘मशीन लावली’ म्हणतो आणि ‘कामाला बाई लावली’ असंही म्हणतो. एकच क्रियापद. न्यूटनच्या कारखान्याने जे नावात केलं ते आपण रोज व्याकरणात करतो.

या यंत्राच्या गोष्टीतून आणखी कोण वगळलं जातं ते बघा. १८८१ च्या जुलैत अटलांटा शहरात कपडे धुणाऱ्या काळ्या बायकांनी संघटना बांधून संप केला. सुरुवात जेमतेम वीस जणींची, आणि तीन आठवड्यांत संख्या तीन हजारांवर गेली. मागणी होती बारा पौंड धुण्यामागे एक डॉलर. म्हणजे एकीकडे लोक हँडलची पेटंटं घेत होते आणि त्याच काळात धुण्याची किंमत काय, हे धुणाऱ्या बायका स्वतः सांगत होत्या. पेटंटच्या चित्रात ही किंमत कुठेच येत नाही.

आणि वॉशिंग्टनच्या एलन एग्लिन. त्या घरकाम करायच्या. कपडे पिळण्यासाठीचं रुळांचं यंत्र त्यांनी बनवलं आणि १८८८ मध्ये त्याचे हक्क अवघ्या १८ डॉलरला विकले. कारण त्यांनीच नंतर सांगितलं: शोध काळ्या बाईचा आहे हे कळलं तर गोऱ्या बायका ते घेणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. लक्षात घ्या, ब्लॅकस्टोनला घासणं दिसलं, एग्लिनना पिळणं. ओल्या चादरीचा पिळा ज्याच्या मनगटाने सोसलाय, त्याला खरी अडचण कुठे आहे ते कळतं. पण ब्लॅकस्टोनच्या नावाने कंपनी चालली आणि एग्लिनच्या वाट्याला १८ डॉलर आले.

मोटर आल्यावर हँडलचा प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. रूथ श्वार्ट्झ कोवन यांच्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या पुस्तकाचं म्हणणं वेगळं आहे. यंत्रांनी मेहनत कमी केली, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढवली, आणि पूर्वी जे कपडे बाहेर धुवायला जायचे ते परत घरातल्या बाईकडे आणले. आमच्या घरी आई शर्टांच्या कॉलर आधी ब्रशने घासते आणि मग ते मशीनमध्ये टाकते. मशीनमुळे कपडे रोज बदलले जातात, त्यामुळे कॉलरही रोज. कोवन यांचा मुद्दा मला त्या ब्रशपाशी पटला.

म्हणूनच ‘दिव्या’बद्दल मला कुतूहल आहे. नवज्योत सॉनी हा ब्रिटिश अभियंता तामिळनाडूतल्या कुइलापालयम गावात राहिला. शेजारच्या दिव्या नावाच्या बाईंचं धुणं त्याने पाहिलं आणि त्यांच्यासाठी यंत्र बनवायचं वचन दिलं. २०१८ मध्ये त्याने ‘वॉशिंग मशीन प्रोजेक्ट’ सुरू केला. त्या यंत्राला हँडल आहे, वीज लागत नाही, आणि ते इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीपर्यंत पोचलंय. कपडे, पाणी, साबण घालून आधी थोडा वेळ भिजू द्यायचं, मग ड्रम फिरवायचा, शेवटी त्याच ड्रममध्ये वेगाने फिरवून पाणी काढायचं. रचना म्हणून हे सिडजियरच्या घराण्याकडे परत जाणं आहे, आणि ते शहाणपणाचं आहे. भिजवणं, घासणं, पिळणं अशी तीन क्रियापदं एका हँडलवर आली. नावातही ना विरंगुळा, ना मोलकरीण. प्रत्यक्ष धुणाऱ्या बाईचं नाव.

तरी परीक्षकाने शंका विचारायलाच हवी. आपण एका गावात वीज आणि नळ पोचवू शकलो नाही म्हणून तिथल्या बाईच्या हातात सुधारलेलं हँडल देणं, हा न्याय आहे की तडजोड? मला वाटतं, तडजोडच आहे, पण वाट बघायला सांगण्यापेक्षा बरी. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. त्या बायकांना उद्याच्या मोटरचं आश्वासन नको होतं, सोमवारच्या धुण्यासाठी काहीतरी हवं होतं.

१८६९ मध्ये कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या बहिणींनी वेगळाच मार्ग सुचवला होता. घरोघरी यंत्र कशाला? दहा-बारा कुटुंबांमागे एक धुण्याचं घर असावं. चुली, पिंपं, पाणी सगळं एकत्र. हा विचार मागे पडला. प्रत्येक घरात एक यंत्र आणि प्रत्येक यंत्रामागे एक बाई, हाच आराखडा टिकला. हँडल गेलं, बटण आलं, पण आराखड्याला कोणी हात लावला नाही. आज माझ्या फोनवर मशीनचं ॲप आहे. धुणं झालं की ते ‘टिंग’ करून सांगतं. कपडे वाळत कोण घालणार, याबद्दल त्यात एकही पर्याय नाही.