दाभोळहून घेतलेला निरोप

विलेपार्ल्यात राहणाऱ्या आम्हाला जुहू म्हणजे शेजार. त्या जुहूत राहणाऱ्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांच्याबरोबर १९५७ साली ‘परदेसी’ हा चित्रपट केला. अफनासी निकितिन हे नाव आम्हाला प्रथम कळले ते त्यातून. चित्रपटात नर्गिसची चंपा आहे, प्रेम आहे. पुढे निकितिनचे प्रवासवर्णन अनुवादातून वाचले, तेव्हा चंपा कुठेच सापडली नाही. सापडला तो एक घोडा.

त्वेर शहराचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून घोडा घेऊन जहाजाने चौलला उतरला. पाली करत जुन्नरला पोहोचला. तिथे असद खानाने घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही गेले, अशी चार दिवसांची मुदत दिली. शेवटी मुहम्मद नावाचा एक खोरासानी मध्ये पडला आणि घोडा सुटला. धर्माच्या नावाने अडवणारा मुसलमान होता, सोडवणाराही मुसलमान होता. निकितिनने दोघांचीही नावे नोंदवली, हा त्याचा प्रामाणिकपणा.

वर्षभर पोसलेला घोडा त्याने बीदरला विकला. तो काळ बहमनी वजीर महमूद गवानचा. गावकऱ्यांचे दारिद्र्य आणि सरदारांच्या चांदीच्या पालख्या, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटले नाही. मात्र एकाही गावकऱ्याचे नाव त्याने लिहिले नाही, ही या पुस्तकातली उणीवच. शिवाय ज्या मुसलमान व्यापाऱ्यांनी इथल्या मालाबद्दल फसवले, त्यांना त्याने शिवीही हासडली आहे. हे आपल्या वाचकांपासून दडवण्याचे कारण नाही.

आता निरोपाकडे वळू. परतीसाठी तो दाभोळला आला. मिसर, अरबस्तान, खोरासानचे घोडे उतरणारे हे मोठे बंदर. इतकी वर्षे जिथे काढली तो मुलूख सोडताना तो काय लिहितो? होर्मुझपर्यंतचे भाडे दोन मोहरा ठरले, एवढेच! डोळ्यांत पाणी नाही, मागे वळून पाहणे नाही. निरोप कसला, वहीतली खर्चाची नोंद म्हणावी. प्रथम वाचताना आमची निराशा झाली.

पण आमच्या मते खरा निरोप या ओळीत नाही, तो त्याच्या भाषेत आहे. वाटेतल्या लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती. सणांचे दिवस कळेनात, म्हणून मुसलमानांबरोबर त्याने रोजे धरले, त्यांच्याबरोबरच सोडले. बीदरमध्ये तो खोजा यूसुफ खोरासानी झाला. पुढे आपल्या रशियासाठी त्याने दुआ मागितली ती तुर्कीत. जगात असा देश नाही, पण तिथले सरदार न्यायी नाहीत, अशा आशयाची. त्या दुआत अल्लाह, खुदा, रशियन देव आणि तुर्की तंगरी शेजारी शेजारी बसले आहेत. क्रिमियातील काफा बंदराशी पुस्तक संपते. तिथे बिस्मिल्ला आहे आणि सूरह हश्रमध्ये येणारी अल्लाहची नावे आहेत. देश मागे राहिला, पण त्या सफरीची बोली ओठांवरून गेली नाही.

यावरून त्याने धर्म बदलला असावा, असा तर्क काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी केला आहे. त्याला आपल्यात ओढण्याची हौस आम्हाला नाही. आपला ख्रिस्ती धर्म सुटतो की काय, ही त्याची तगमग पानोपानी दिसते. ती खोटी ठरवण्याचा हक्क कुणाला?

वाचकहो, हे पुस्तक आपल्याला जवळचे वाटते ते वेगळ्याच कारणाने. घरात मराठी बोलणाऱ्या आणि नमाज अरबीत पढणाऱ्या आपल्याला, ‘मग तुमची भाषा कोणती?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. निकितिनने परक्या भाषेत आपल्या मातीसाठी दुआ मागितली. त्याने त्याची माती परकी झाली नाही, आणि ती भाषाही त्याला परकी राहिली नाही.

घरी मात्र तो पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचे निधन झाले आणि त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या. रेवदंड्यात आज त्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. कोकणात जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा, पण पुस्तक वाचून मग.