वाटाण्याची ऑडिशन

आमच्या घराण्यात आजवर कोणी पडद्यावर आलेलं नाही. पडद्याशी आमचा संबंध एवढाच, की माझे एक काका गणेशोत्सवातल्या नाटकांत पडदा ओढत. एकदा तो त्यांनी चुकीच्या वेळी ओढला आणि नुकताच वीरमरण आलेला सेनापती बसून विडी पेटवत असल्याचं अख्ख्या आळीनं पाहिलं. काकांचं नाट्यजीवन तिथेच संपलं. आळीला मात्र ते नाटक अजून आठवतं.

त्यामुळे आमची नात सई, वय वर्षे आठ, हिला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशनला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. ऑडिशन नाशकातच होती. वाहिनी कोणती ते विचारू नका. सूनबाईंचं म्हणणं, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असेल तर आजोबांनी तोंड सांभाळावं.

रेशन, रॉकेल आणि गॅस अशा तिन्ही रांगांचा अनुभव असल्यामुळे पहाटे साडेपाचला रांग धरायला माझीच निवड झाली. साडेदहाला एक मुलगा हातात कागद घेऊन आला. वय बावीस, दाढी चाळिशीची.

"काका, बेबीची स्टोरी काय?"

"यमन तयार आहे. एक भावगीतही आहे," मी म्हणालो.

"तसं नाही हो. घरी काही स्ट्रगल? बाबा काय करतात?"

"बँकेत आहे."

"आई?"

"शिक्षिका."

"घर?"

"स्वतःचं. कर्ज फिटलं गेल्याच वर्षी," मी अभिमानानं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. आमचं कर्ज फिटल्याचं एवढं दुःख कर्ज देणाऱ्या बँकेलाही झालं नसेल.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. नातीची संधी हुकते आहे असं दिसताच मी म्हणालो, "मला मधुमेह आहे." त्यानं पेन उचललंसुद्धा नाही. म्हणून मी पुढे म्हणालो, "आणि हिच्या आजीचे गुडघे फार दुखतात हो." आजी शेजारीच उभी राहून पोळीची गुंडाळी खात होती. तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की वाहिनीला हवी होती ती स्टोरी आमच्या घरी संध्याकाळपर्यंत तयार झाली असती.

सई चाळीस सेकंद गायली. निवड झाली नाही. बाहेर येऊन आईला बिलगून ती रडली, आणि नेमका कॅमेरावाला चहाला गेला होता. तो आल्यावर दाढीवाला म्हणाला, "बेबी, परत एकदा ये दारातून. आईकडे पळ, आणि मघाशी रडलीस ना, तश्शीच रड." सई गुणी मुलगी. तिनं तसं केलं. तिसऱ्या खेपेला ते त्याच्या पसंतीस उतरलं.

घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, "आजोबा, पहिल्यांदा मी खरं रडले होते. ते त्यांना का चाललं नाही?"

मी रिक्षावाल्याला म्हणालो, "डावीकडे घ्या." तो डावीकडेच चालला होता.

तेव्हापासून ही निर्माता नावाची जमात काय करते, याचा मी अभ्यास आरंभला आहे. निवृत्त माणसाला अभ्यासाला काहीही चालतं. या धंद्यातला जगातला मोठा माणूस म्हणजे हॉलंडचा जॉन द मोल. 1999 साली त्याच्या एंडेमॉल कंपनीनं 'बिग ब्रदर' काढला. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची आणि चोवीस तास कॅमेरे लावायचे. दुसऱ्याच वर्षी टेलिफोनिका या स्पॅनिश टेलिफोन कंपनीनं अख्खी एंडेमॉल विकत घेतली. ते घर 'बिग बॉस' नावानं 2006 साली हिंदीत आलं, 2018 साली मराठीत. आमच्या जुन्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं एका नळावर वर्षानुवर्षं कोंडली होती आणि रोज कोणाला तरी बाहेर काढण्याचा विषय निघे. पण ही कल्पना विकायची असते, हे एकालाही सुचलं नाही. मराठी माणूस धंद्यात मागे, तो असा.

पण थांबा. पुरता मागे नाही. या धंद्याचा आपल्याकडचा मूळपुरुष आमच्याच जिल्ह्यातला. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. मृत्यू 16 फेब्रुवारी 1944, नाशिक. दादासाहेबांचं नाव घेतलं, की आपण हार आणायला धावतो. त्यांच्या नावाचं पारितोषिक 1969 पासून दिलं जातं, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेनं त्यांचं स्मारक उभारलं आहे. मी आज हार आणलेला नाही. निर्माता म्हणून या गृहस्थांनी काय केलं, तेवढं बघू.

त्यांनी पहिल्यांदा पडद्यावर आणला तो हरिश्चंद्र नव्हे. तो वाटाणा. 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंतची वाढ सलग करून दाखवली. ती पाहून भांडवलवाल्यांच्या खिशाला पाझर फुटला. आपल्याकडचा पहिला रिॲलिटी शो म्हणायचा तर हाच. स्पर्धक एक, परीक्षक नाही, बाद होणं नाही, आणि वाटाण्याला कोणी त्याच्या घरची परिस्थिती विचारली नाही. यातही कात्री आहेच. दिवसाचे तास गाळून मोजके क्षण ठेवायचे, हेच निर्मात्याचं काम. पण वाढ होती ती वाटाण्याची स्वतःची.

खर्च घरातून. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. द मोलनं घर दाखवून पैसा केला. फाळक्यांनी घरातलं गहाण टाकून चित्र दाखवलं. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडत, ती धूत, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास घरचाच, मुलगा भालचंद्र. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्यानंतर दादासाहेब कारखाना घेऊन नाशकात आले. 1917 साली 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. एवढं सुखी दांपत्य पुन्हा पडद्यावर झालं नाही.

आता माझ्या मुद्द्याचा चित्रपट, 1919 सालचा 'कालिया मर्दन'. सुदैवानं त्याचा बराचसा भाग शिल्लक आहे. कृष्ण झाली आहे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी, वय सात. चित्रपट सुरू होतो, पण कृष्ण येत नाही. आधी येते मंदाकिनी, मंदाकिनी म्हणूनच. कॅमेऱ्याकडे तोंड करून ती एकामागून एक हावभाव करून दाखवते. मग तीच मुलगी कृष्ण होऊन येते. म्हणजे बापानं आधी मुलीची ऑडिशनच लोकांसमोर ठेवली: ही माझी मुलगी, हे तिचं रडणं-हसणं, आता ती कृष्ण होणार, बघा. 1917 साली तर 'चित्रपट कसे तयार करतात' हा बोलपट नव्हे, पण बोलका माहितीपट काढून त्यांनी कारखान्याचं दारच उघडून टाकलं होतं. आमच्या काकांनी चुकून ओढलेला पडदा या माणसानं मुद्दाम ओढला. विडी दिसली, तरी लोकांनी हात जोडायचे ते जोडलेच.

माझी तक्रार एवढीच आहे. आजच्या कार्यक्रमांत सोंग असतं, याला माझी हरकत नाही. त्या सोंगाला 'रिॲलिटी' म्हणतात, तिथे माझा घास अडतो. वास्तविक याच धंद्यानं चांगलंही दिलं. 2008-09 च्या 'लिटल चॅम्प्स'मध्ये आळंदीची कार्तिकी, लातूरचा रोहित, आरवलीचा प्रथमेश, अलिबागची मुग्धा, पुण्याची आर्या यांनी अख्ख्या महाराष्ट्राला जेवण लवकर उरकायला लावलं. लोकांना ओढ होती ती त्यांच्या गाण्याची. गाणं खरं असलं, की रडणं दुसऱ्यांदा करून घ्यावं लागत नाही.

दादासाहेबही काही सोवळे नव्हते. मंदाकिनीला कृष्ण व्हायचं होतं का, हे तिला कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. सरस्वतीबाईंच्या कष्टांना श्रेयनामावलीत जागा नव्हती. आणि कार्यकारी अधिकारी म्हणाल, तर आनंदच. 1918 साली मुंबईच्या भांडवलवाल्यांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकात निघाली. भागीदारांना हिशेब हवा होता, दादासाहेबांना मोकळा हात. वर्ष-दीड वर्षात ते सगळं टाकून काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. 1922 च्या सुमारास परत आले. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढला, तोवर बोलपट आला होता. मग त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. स्वतःचा बोलपट असा एकच, 1937 चा 'गंगावतरण', तोही कोल्हापूर सिनेटोनसाठी. ज्याच्या नावानं कोट्यवधींचा धंदा चालला, त्याची शेवटची वर्षं नाशकात ओढगस्तीची गेली. आज असता, तर दाढीवाल्यानं पेन उचललं असतं. स्टोरी उत्तम होती!

रविवारी मी सईला 'कालिया मर्दन'ची सुरुवात फोनवर दाखवली. मंदाकिनीचे हावभाव तिनं दोनदा पाहिले. मग म्हणाली, "हिनं एकदाच केलं असेल की परत परत?"

"परत परतही असेल," मी खरं ते सांगितलं. "पण ती अभिनय करतेय, हे तिनं आपल्याला आधी सांगितलं."

सईनं विचार केला. स्वयंपाकघरात जाऊन आजीच्या डब्यातले चार वाटाणे आणले, कुंडीत पेरले आणि रोज सकाळी माझ्या फोनवर एक फोटो काढायचं जाहीर केलं. कॅमेरामन म्हणून माझी नेमणूक झाली. कुंडी हलवायची नाही, वाटाण्याला बोलायचं नाही, अशा सक्त सूचना होत्या. सहाव्या दिवशी अंकुर फुटला. नवव्या दिवशी सईची सहल होती, आणि मी दुपारपर्यंत... असो. दहाव्या दिवशी वेल एकदम बोटभर उंच!

मी जरा चाचरत म्हणालो, "सई, कालचा फोटो राहिला. आजचाच एक थोडा खालून काढून कालचा म्हणून लावू का? कोणाला कळणार आहे?"

कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडे अगदी आजीसारखं पाहिलं.

"नको. तिथे काळी पाटी लावू जुन्या सिनेमासारखी. आणि त्यावर लिहू, 'आजोबा झोपले होते'."