उरलेला डाव

पिनबॉलच्या यंत्राविषयी मी जे साहित्य वाचले, त्यात हरणे आहे, जिंकणे आहे, झपाटलेपण तर भरपूर आहे. पण त्या यंत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र या लेखकांच्या हातून निसटली, अशी माझी तक्रार आहे. ती गोष्ट म्हणजे कोणीतरी जिंकून तसाच मागे सोडून दिलेला फुकटचा डाव.

ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे पूर्वी काही घरांत बगाटेलची फळी असे. काठीने गोळी मारायची आणि ती खिळ्यांच्या कुंपणांतून ठेचकाळत कुठल्या घरात पडते ते पाहायचे. पिनबॉल हा तिचाच अमेरिकन नातू. शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९३१ मध्ये 'बॅफल बॉल' काढला आणि मंदीच्या त्या दिवसांत तो दुकानोदुकानी गेला. १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'त गोळी परत वर उडवणारी पाती आली आणि नशिबाच्या खेळात हाताचे कसब शिरले. पुढे या यंत्रांतून बक्षिसाची एक पद्धत रूढ झाली. ठरावीक गुण झाले की यंत्राच्या पोटात एक हातोडी लाकडावर 'ठक्' अशी आपटते, सारे दुकान वळून पाहते, आणि काचेमागच्या लहानशा खिडकीतला आकडा एकाने वाढतो. जितका आकडा, तितके डाव नाणे न टाकता.

आता असे होते की खेळणाऱ्याची बस येते, किंवा आई दारातून हाक मारते, किंवा नुसता कंटाळा येतो. आणि तो खिडकीत २ चा आकडा ठेवून निघून जातो. जुन्या यंत्रात हा आकडा एका दातेरी चाकावर असे, आणि वीज तोडली तरी ते चाक जागचे हलत नसे. दुकान बंद झाले, दिवे गेले, रात्र सरली. सकाळी पहिल्यांदा आत आलेल्या पोराला कालच्या कोणा अनोळखी माणसाचे दोन डाव तसेच वाढून ठेवलेले मिळत. मलाही एकदा असा डाव मिळाला आहे. मी तो खेळलो आणि तीन गोळ्यांत हरलो, पण नाणे टाकून खेळल्यापेक्षा हात हलका होता एवढे आठवते.

याला काय म्हणावे? 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण चटकन ओठांवर येते. पण तिथे नागोबा मुंग्यांना हुसकावतो, इथे कोणी हुसकावले जात नाही. उष्टे म्हणावे, तर या डावाला कोणाचे तोंड लागलेले नाही. जिंकणाऱ्याने तो मिळवला, पण खेळला नाही. मला पाणपोईच जवळची वाटते. फरक इतकाच की पाणपोई घालणाऱ्याला आपण पुण्य करतो आहोत हे ठाऊक असते, आणि इथे देणाऱ्याच्या ते गावीही नाही.

कायद्याच्या नजरेला मात्र हे इतके निरागस दिसले नाही. पुष्कळ दारूच्या दुकानांत मालक जिंकलेले डाव रोख पैशांनी विकत घेई आणि मग एक गुप्त कळ दाबून खिडकीतला आकडा शून्यावर आणी. म्हणजे डाव हे नुसते पांघरूण, आत जुगार. महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि यंत्रे हातोड्यांनी फोडवली; ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. दरम्यान, फुकटचा डाव ही 'मोलाची वस्तू' ठरते की नाही यावर निरनिराळ्या राज्यांतली न्यायालये गंभीरपणे वाद घालीत होती. मला या वादाची गंमत वाटते, कारण खिडकीत उरलेला डाव हाच त्यातला एकमेव निर्दोष साक्षीदार होता. ज्याने तो विकला नाही, तो पैशासाठी खेळत नव्हता.

आता विल्यम सारोयनकडे येतो. त्याचे 'द टाइम ऑफ युवर लाइफ' हे नाटक १९३९ चे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराजवळचे निकचे मद्यगृह, तिथे शॅम्पेन पीत बसलेला जो, आणि कोपऱ्यात पिनबॉलच्या यंत्राला चिकटलेला विली. बाकीची माणसे येतात, रडतात, नाचतात, थापा मारतात. विली यंत्राशी झुंजत असतो. अखेरीस तो जिंकतो. दिवे लागतात, निशाण फडकते, संगीत वाजते, आणि बक्षीस मिळते सहा निकल, म्हणजे तीस सेंट. प्रसंग हशा पिकवणारा आहे आणि मनाला लागणाराही आहे. एवढ्या झुंजीला एवढेसे फळ, आणि तरी त्या पोराचा आनंद खोटा नाही. सारोयनची सारी ताकद या एका क्षणात दिसते.

तरीही मला वाटते, इथे नाटकाचा गाभा थोडा हुकला. हे नाटक कारणावाचून देण्याविषयी आहे. जो अनोळखी माणसांवर पैसे उधळतो, का ते विचारू देत नाही. अशा नाटकात यंत्राने मात्र चोख हिशेब करून रोकड मोजावी? विलीने जिंकलेले डाव सोडून जावे आणि मद्यगृहातल्या कोणा भणंगाने सहज कळ दाबावी, तर जोचे सगळे वागणे एका वाक्यावाचून उजळले असते. कोणी म्हणेल, त्या काळच्या दुकानांत पैसेच मिळत, लेखकाने पाहिले ते लिहिले. हे खरे आहे. पण ज्या सारोयनने याच नाटकाला १९४० मध्ये मिळालेले पुलित्झर पारितोषिक नाकारले, त्याला जिंकून न घेण्याची गोडी काय असते हे आपण शिकवायला नको होते.

हारुकी मुराकामीची १९८० ची 'पिनबॉल, १९७३' ही कादंबरी या गोडीच्या अधिक जवळ जाते. तिचा नायक एकेकाळी खेळलेले एक विशिष्ट यंत्र वेड्यासारखे शोधतो, एका गार गोदामात ते सापडते, आणि तो खेळत नाही. नुसता तिच्याशी बोलतो. होय, 'तिच्याशी', त्याला ते यंत्र बाईच वाटते. न खेळलेला डाव इथे आहे, पण तो स्वतःच्या आठवणीसाठी राखलेला. मागून येणाऱ्या कोणासाठी नव्हे. मुराकामीच्या एकाकीपणात दुसऱ्याला जागा थोडी कमी पडते, हे माझे जुने मत या कादंबरीने बदलले नाही.

आणि लेखकांना हे सुचेपर्यंत वस्तूच नाहीशी होत चालली. कायद्याची कटकट टाळण्यासाठी गॉटलीबने १९६० मध्ये 'फ्लिपर' नावाचे यंत्र काढले. त्यात बक्षीस म्हणून डावाऐवजी त्याच डावात जादा गोळी मिळे. वरवर पाहता फरक किरकोळ. पण जादा गोळी मागे ठेवता येत नाही. ती खेळणाऱ्याबरोबरच संपते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून पडद्यावरच्या खेळांनीही हीच तऱ्हा उचलली. ठरावीक गुणांना एक जादा जीव, आणि तो ज्याचा त्याला. आता तर मॉलमधल्या खेळघरांत पैसे कार्डात असतात आणि कार्ड खिशात. उरले तरी ते आपल्याबरोबर घरी येतात, आणि पुष्कळदा कपाटातच पडून राहतात.

कॅलिफोर्नियातल्या अलमीडा गावी पिनबॉलचे एक संग्रहालय आहे. दारात एकदा पैसे भरले की दिवसभर हवे त्या यंत्रावर खेळावे, नाणे लागत नाही. यंत्रे सुरेख राखली आहेत. मुले या यंत्रावरून त्या यंत्रावर पळत असतात. ठक् असा आवाज अधूनमधून होतो, पण खिडकीतला आकडा वाचायला कोणी थांबत नाही.